वाट कोणी सोडावी?

निर्दोष करमणूक हे पाप नव्हे, हे आम्ही मान्य करितो. परंतु करमणूक निर्दोष केव्हा म्हणावी, हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात आम्हांपुढे अकस्मात उभा राहिला.

नवी मुंबईतील कित्येक लोक सुटीच्या दिवशी पनवेलमार्गे धोदाणी गावी जाऊन तेथून पायवाटेने माथेरान चढतात. आम्हीही गेलो. दोन-तीन तासांत मनुष्य सनसेट पॉइंटापाशी पोहोचतो, व पुढे झाडीतून तांबड्या मातीच्या रस्त्याने शार्लोट तलाव गाठितो. चढणीवर एका अरुंद जागी आम्ही खालचा गाढेश्वराचा जलाशय पाहत उभे होतो. इतक्यात डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एक बाई मागून आली. आम्ही हललो नाही. तीच कड्याच्या बाजूने पाय सांभाळीत पुढे गेली. "बाई, जपून हो," असे आम्ही म्हटले, आणि एवढ्याने आपण दयाळूपणा केला असे आम्हांस वाटले!

पायथ्याच्या वाड्यांतील लोक भाजी व दूध याच वाटेने माथेरानास विकावयास नेतात. आमची जी सहल, ती त्यांची उपजीविका होय.

कोणी म्हणेल, आपण घरी बसलो तर तिचे ओझे हलके होईल काय? उलट, पाहुणे येतात म्हणूनच तिची भाजी खपते. हे खरे आहे, आणि सहल सोडावी असे आमचे म्हणणेही नाही. परंतु तिची भाजी आम्ही खातो, एवढ्यावरून तिची वाट अडविण्याचा हक्क आम्हांस मिळत नाही. ज्याचे हात रिकामे, त्याने भारवाल्यास वाट द्यावी, हाच न्याय.

तलावाच्या काठी हाच धडा पुन्हा मिळाला. भाकरी खाऊन आम्ही हात धुण्यास पाण्याकडे वळलो, तोच स्मरण झाले की, आम्हांस जी शोभा, ते माथेरानच्या लोकांचे पिण्याचे पाणी आहे. मग आम्ही दूर जाऊन बाटलीतील पाण्याने हात धुतले, व उष्टे-खरकटे बांधून घेतले.

उतरताना रिकाम्या पाट्या घेऊन परतणारे दोघे मागून आले. या वेळी आम्ही दरडीस टेकून वाट दिली. पण आता त्यांच्या डोक्यावर ओझे नव्हते. सद्बुद्धी पुष्कळदा अशी उशिराच येते. वाचकहो, आनंद अवश्य घ्या. मात्र तो घेताना आपण कोणाच्या वाटेत उभे आहो, हे आधी पाहा.