परतीचं तिकीट

आपला माणूस प्रवासाला निघतो त्याची कारणं ठरलेली आहेत. लग्न, बारसं, लेकीचं बाळंतपण, नागपूरच्या कोर्टातली तारीख आणि तीर्थयात्रा. यातलं शेवटचं कारण तेवढं पुण्याचं. पण पुण्यासाठी काशीला गेलेला माणूस गंगेत बुडी मारून येतो, गंगेकाठी दोन विटा रचून येत नाही. त्यामुळे टेक्ससमधल्या भाच्याने फोनवर जेव्हा सांगितलं, की त्याच्या ऑफिसातला एक गृहस्थ दर उन्हाळ्यात चर्चच्या मंडळींबरोबर पदरचे पैसे खर्चून परदेशी जातो आणि दहा दिवस अनाथ पोरांसाठी खोल्या बांधतो, तेव्हा मी सर्वांत आधी व्यवहाराचा प्रश्न विचारला.

"त्याला बांधकाम येतं?"

"छे हो मामा, तो विम्याचे क्लेम तपासतो."

भंडाऱ्यासारख्या गावात अशी बातमी एकट्याने पचवता येत नाही. संध्याकाळी ती कट्ट्यावर गेली. तिथे आमचे एक स्नेही आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी लगेच खिशातलं वीज बिल काढून त्याच्या पाठीवर हिशेब मांडला. वीस माणसांची विमानाची तिकिटं एका बाजूला, गवंडी, कुली आणि रेजांची मजुरी दुसऱ्या बाजूला. तेवढ्या पैशात वसतिगृह बांधून, रंग देऊन, वर उद्घाटनाच्या पेढ्यांनाही रक्कम उरत होती. "म्हणजे बघा," ते म्हणाले, "हे लोक घरी बसून पैसे पाठवतील तर पोरांचं दुप्पट भलं होईल. शिवाय तिथल्या गवंड्याच्या पोटावर पाय येणार नाही तो वेगळाच."

हिशेब बिनचूक होता. बँकेतल्या माणसाचा हिशेब चुकत असता तर तो निवृत्त न होता निलंबित झाला असता. फक्त एक रक्कम त्यात धरायची राहिली. ती माणसं जाणार म्हणून तर ते पैसे जमले! जाणार नसती, तर ते मोटारीच्या नव्या टायरांत गेले असते. 'तिकिटाचे पैसे पाठवा' असं सांगणाऱ्याने स्वतः न काढलेल्या तिकिटांचे पैसे आजवर कुठे पाठवले आहेत, हेही एकदा वीज बिलाच्या पाठीवर मांडून बघायला हवं. पैसा हा प्राणी मोठा आळशी आहे. मालक उठून चालू लागल्याशिवाय तो जागचा हलत नाही.

कट्ट्यावरचा दुसरा प्रश्न अर्थातच धर्माचा. "बांधकामाच्या निमित्ताने बाटवत तर नाहीत ना?" प्रश्न अगदीच हवेतला नाही. १८९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाई आमच्या या मध्य प्रांतात आल्या आणि निराधार मुली गोळा करून त्यांना केडगावला घेऊन गेल्या. त्या मुलींपैकी पुष्कळ जणी पुढे ख्रिस्ती झाल्या. त्यावर तेव्हा वाद झाला, अजूनही होतो. व्हायलाही हरकत नाही. भुकेल्या मुलाला भाकरीबरोबर देव वाढावा का, हा प्रश्न खरोखरच कठीण आहे. पण तो विचारण्याचा पहिला हक्क दुसरी भाकरी घेऊन तिथे हजर असलेल्या माणसाचा आहे, असं माझं मत आहे. हे मत कट्ट्यावर फारसं लोकप्रिय नाही.

विटा रचायला परक्या देशात जाण्याचं हे खूळ तसं शंभर वर्षांचं. पिएर सेरेझोल नावाचे एक स्विस इंजिनीयर होते. बाप देशाचा राष्ट्राध्यक्ष राहिलेला. म्हणजे मुलाने चिरंजीव म्हणून आरामात आयुष्य काढावं अशी सगळी सोय. पण पहिलं महायुद्ध संपल्यावर, १९२० साली, हे गृहस्थ फ्रान्समधल्या व्हर्दूंजवळच्या एका उद्ध्वस्त खेड्यात फावडी घेऊन दाखल झाले. बरोबर वेगवेगळ्या देशांतली माणसं, आणि त्यांत जर्मनही! ज्यांच्या तोफांनी घरं पाडली त्यांच्याच देशबांधवांनी ती उभारायची. तिथल्या अधिकाऱ्यांना हे जर्मन हात काही मानवले नाहीत आणि काही महिन्यांतच मंडळींना गाशा गुंडाळावा लागला. तरी खोड गेली नाही. १९३४ साली बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा सेरेझोल तिथेही आले, आणि मोजक्या सोबत्यांना घेऊन त्यांनी खेडी वसवायला हात लावला.

त्यांच्याच संघटनेची तरुण मुलं १९५०च्या दशकात आमच्या शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याच्या आनंदवनात येऊन राहिली. देशोदेशींची ती पोरं महिनोन्महिने तिथे विटा, माती आणि दगड वाहत होती. त्यांनी दवाखान्याच्या इमारती उभ्या केल्या. पण मला त्या इमारतींपेक्षा भाजीची गोष्ट मोठी वाटते. आनंदवनात कुष्ठरुग्णांनी पिकवलेली भाजी वरोऱ्याच्या बाजारात कुणी घेत नव्हतं. वांगी चांगली होती, फक्त ती पिकवणारे हात लोकांना नको होते. आता ही गोरी पोरं तिथेच राहतात, तीच भाजी खातात आणि तरी ठणठणीत आहेत, हे गावकऱ्यांनी पाहिलं. आधी गोरी माणसं बघायला म्हणून लोक गेले, मग हळूहळू भाजीही घेऊ लागले. वरोरा ते आनंदवन हे अंतर चालत जाण्यासारखं आहे. ते ओलांडायला गावाला इतक्या लांबून वाटाडे बोलवावे लागले. बाबा आमटे जवळच होते, पण जवळच्या माणसाचं ऐकायची आपल्याला सवय नाही.

म्हणून मला त्या विमा कंपनीतल्या गृहस्थाला हसवत नाही. दहा दिवसांचं मात्र जरा कोडं पडतं. लिलियन कार्टर नावाच्या नर्सबाई १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेहून मुंबईला आल्या आणि विक्रोळीत कामगारांच्या दवाखान्यात जवळजवळ दोन वर्षं राबल्या. त्यांचे चिरंजीव जिमी कार्टर. तेही २००६ साली, राष्ट्राध्यक्षपद केव्हाच सुटल्यावर, ब्याऐंशीव्या वर्षी लोणावळ्याजवळच्या मळवलीला हातोडी घेऊन आले आणि शेकडो स्वयंसेवकांबरोबर गरिबांची घरं बांधून आठवड्याभरात परत गेले. दोघांचाही मला आदर आहे. पण शेजारीण म्हणून निवडायची वेळ आली तर मी आईला निवडीन.

आमच्या जिल्ह्याला तलावांचा जिल्हा म्हणतात. हे तलाव बांधण्यात मोठा वाटा कोहळी लोकांचा. गोंड राजांच्या काळात ते काशीकडून आले असं सांगतात. म्हणजे तेही बांधकामाला आलेले परकेच. फरक एवढाच, की जो तलाव बांधील त्याला त्याच्या पाण्याखालची जमीन कसायला मिळे. त्यामुळे पाळ फुटली तर रात्री-अपरात्री कंदील घेऊन धावायचंही त्यालाच. परतीचं तिकीट नव्हतं. सरकारी कागदोपत्री आता हे 'माजी मालगुजारी तलाव' झालेत, आणि लोकांनी त्यांचं लाडकं नाव पाडलंय, 'मामा तलाव'. आमच्याकडे पाण्याला मामा आहे. शाळेला सुट्टी लागली की वसतिगृहातल्या पोराला मात्र मामाचं गाव नसतं.

गेल्या महिन्यात आमच्या कुंपणाची भिंत बांधायला मिस्त्री आले होते, त्यांना मी ही विलायती हकिकत सांगितली. व्यावसायिक मत घ्यावं म्हणून. त्यांनी ओळंबा सोडून भिंतीकडे एक डोळा मिटून पाहिलं.

"दहा दिसात थे लोक थापी तरी धरतीन का जी?"

"धरत असतील."

"मंग रातच्याले कोनी तरी मिस्त्री येऊन थे भिंत सुधरवत असन." या तर्काने ते बराच वेळ खूश होते. मग म्हणाले, "पन गुरुजी, बांधनं सोपं हाय. तराई कोन करते?"

तराई म्हणजे नव्या बांधकामावर पाणी मारणं. भिंत उभी राहिली की लोकांना वाटतं काम झालं. खरं तर सिमेंटला ताकद यायला तिथून सुरुवात होते. निदान सात दिवस, उन्हाळ्यात त्याहून जास्त, सकाळ-संध्याकाळ तिला भिजतं ठेवावं लागतं. त्याचा कुणी फोटो काढत नाही. सुक्या ठेवलेल्या भिंतीला आपल्या गैरहजेरीत भेगा पडतात.

वसतिगृहातल्या पोराच्या अठराव्या वर्षी नेमकं हेच होतं. बाल न्याय कायद्याने तो अठराव्या वाढदिवसापर्यंत मूल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला पेटी घेऊन सज्ञान व्हायचं असतं. आपल्या घरातला अठरा वर्षांचा घोडा अजून आईला मोजे शोधायला लावतो. एकविसाव्या वर्षापर्यंत 'अनुरक्षण' नावाची सोय कायद्यात आहे. २०१८ साली राज्य सरकारने अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षणही दिलं. ते चांगलंच झालं. पण नागपुरात खोली भाड्याने घ्यायला गेलं की घरमालक आरक्षण विचारत नाही. तो विचारतो, "गाव कुठलं? घरी कोण असतं? ओळखीचं कोण?" त्या तीन प्रश्नांचं उत्तर कोणत्याही चर्चला विमानाने आणून देता येत नाही. ते याच गावात राहणाऱ्या, याच गावात मरणाऱ्या माणसाच्या घरी असतं.

आणि इथे आपली खरी अडचण होते. लांबच्या अनाथाला पैसे पाठवले की तो आभाराचं पत्र पाठवतो. जवळच्या अनाथाला एकदा जेवायला बोलावलं की तो पुन्हा येऊ शकतो. विमा कंपनीतल्या गृहस्थाला दहा दिवस जीव ओतता येतो, कारण अकराव्या दिवशी त्याचं विमान असतं. आपल्याला विमानच नाही! आपण कुठे पळणार? म्हणून आपण मुळात जातच नाही. वाढदिवसाला वसतिगृहात केक पाठवतो, अंगणात उभं राहून फोटो काढतो आणि चहा न घेता निघतो.

हे सगळं मी मिस्त्रींना जरा रंगात येऊन सांगत होतो. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. त्यांचा हाताखालचा पोरगा, एकोणीस-वीसचा असेल, माल कालवत होता. त्याच्याकडे मान वळवून ते म्हणाले, "हा तसाच हाय जी. संस्थेत होता. दोन सालापासून माह्यासंग हाय."

दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकी, जावई, पाहुणे, सगळे ज्याच्या त्याच्या गावी येतात. रात्रभर नाटक, नाहीतर दंडार. ज्याच्या घरी मंडईला पाहुणा नाही ते घर अर्धं. मी मुद्दाम विचारलं, मंडईला हा कुठे जातो?

"जाते कुठं? आमच्याच घरी येते," मिस्त्री वैतागून म्हणाले. "पाहुन्यावानी राहीन तर बरं. भात असा खाते का बायको मलेच बोलते. अन् रातभर नाटक पाहून पायटी चार वाजता दार ठोठावते. उठून कडी कोन काढनार? मीच."

पोरगा खाली मान घालून हसला आणि मालात आणखी थोडं पाणी टाकलं. त्यावर मिस्त्री त्याच्या अंगावर ओरडले, की किती पातळ करशील बे, भिंत बांधायची हाय का ताक घुसळायचं हाय.