शस्त्राची पारख

शिकारीसाठी रायफल निवडताना कोणत्या गुणास अधिक मोल द्यावे, हा प्रश्न माझ्यासारख्या कारकुनाने चर्चेस घ्यावा, हे वाचकांस काहीसे विनोदी वाटेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या देशातून शिकार जवळजवळ हद्दपार केली, आणि लेखणीखेरीज दुसरे शस्त्र माझ्या हाती कधी आले नाही. तथापि नोकरीनिमित्त कुमाऊँत राहणाऱ्या माणसाला जिम कॉर्बेटच्या कथा टाळता येत नाहीत, आणि त्यांतील एका तपशिलानेच मला या प्रश्नापाशी आणून सोडले.

१९०७ साली कॉर्बेटने चंपावतची नरभक्षक वाघीण मारली. नेपाळात व कुमाऊँत मिळून तिने ४३६ माणसे मारल्याचे तो सांगतो. ती पडल्यावर पाहिले, तो तिचे उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले होते. कॉर्बेटच्या मते ती बंदुकीच्या जुन्या गोळीची जखम होती. स्वाभाविक भक्ष्य मारणे अशक्य झाल्याने ती माणसांकडे वळली. ती गोळी झाडणारा अनामच राहिला. नेम चुकला म्हणून क्षणभर हळहळून तो घरी गेला असेल, जेवला असेल, निजलाही असेल.

रायफलीची पारख सामान्यतः बळावरून होते: गोळी केवढी, पल्ला कोठवर. परंतु जड रायफलीच्या धक्क्याला भिणारा माणूस चाप ओढण्यापूर्वीच डोळे मिटतो, आणि ते सारे बळ भलत्या जागी लागते. उलट, बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्याने आफ्रिकेत अवघ्या सात मिलिमीटरच्या रायफलीने शेकडो हत्ती मारले. पण त्याने हत्तीची कवटी कापून मेंदूची नेमकी जागा अभ्यासिली होती. तरीही आफ्रिकेतील अनेक देशांनी मोठ्या जनावरांसाठी गोळीच्या व्यासाची किमान मर्यादा ठरविली, ती योग्यच होय; कायदा बेलसाठी नव्हे, सामान्य हातासाठी करावा लागतो.

म्हणून रायफल तोलण्यापूर्वी माणसाने स्वतःस तोलावे. आपला नेम किती अंतरापर्यंत खात्रीचा आहे? पहिली गोळी चुकली तर दुसरी तत्काळ झाडता येईल काय? आणि जनावर जखमी होऊन झाडीत शिरले, तर आपण त्याच्या मागे जाऊ काय? हा शेवटचा गुण कोणत्याही दुकानात मिळत नाही; पण त्यावाचून इतर गुण व्यर्थ होत. त्या दिवशी कॉर्बेटपाशी तीनच काडतुसे होती. ती संपली, तेव्हा तो धावत जाऊन तहसीलदारांची जुनी बंदूक घेऊन परतला. तयारीत तो उणा पडला, जबाबदारीत नाही.

कोणी म्हणेल, मारणेच वाईट असेल तर नीट मारण्यात कसली नीती? आक्षेप खरा आहे. परंतु नरभक्षकाला मारण्याची परवानगी आजचा कायदाही देतो. जेथे इजा करण्याचा अधिकार कोणाच्या तरी हाती द्यावाच लागतो, तेथे ती अर्धवट न सोडणे, हे त्या अधिकाराचे किमान मूल्य होय.

हे लिहिताना मला एका वृद्धाचा निवृत्तिवेतनाचा अर्ज आठवतो. घाईत मी त्यावर ‘त्रुटी पूर्ण करून पुन्हा सादर करावा’ असा शेरा मारला. कोणती त्रुटी, ते लिहिले नाही. अर्ज परत गेला, तो पुन्हा आला नाही. मीही कधी चौकशी केली नाही. त्या दिवशी मी वेळेवर घरी गेलो, जेवलो आणि निजलो.