गरज भागवायची कशासाठी?

माणूस काम का करतो, या प्रश्नाचे व्यवस्थापनशास्त्रातले सर्वांत परिचित उत्तर अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांचे आहे. 1943 सालच्या लेखात त्यांनी गरजांचा चढता क्रम मांडला : अन्न-पाणी-झोप, मग सुरक्षितता, आपलेपणा, मान आणि शेवटी अंगच्या गुणांना पूर्णत्व देण्याची ओढ. खालची गरज बऱ्यापैकी भागली की वरची जागी होते. भागलेल्या गरजेपोटी माणूस धडपडत नाही. हा क्रम सगळ्यांना सरसकट लागू पडत नाही, हेही त्यांनी तिथेच नोंदवले होते. हा क्रम दाखवणाऱ्या पाठ्यपुस्तकांतल्या त्रिकोणात नेमकी ही सावधगिरी हरवते.

1959 साली फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे 200 अभियंत्यांच्या व हिशेबनिसांच्या मुलाखतींवरून यात मोलाची भर घातली. पगार, साहेबाची वागणूक, कामाची जागा यांत बिघाड असला की माणूस नाराज होतो. पण हा बिघाड दूर झाला म्हणून तो कामात जीव ओततोच असे नाही. त्यासाठी कामातच काही करून दाखवण्याजोगे असावे लागते.

कारखान्यात वा कचेरीत हे सिद्धांत वापरताना एक गोष्ट गृहीत धरली जाते : कामगाराची गरज ओळखायची ती त्याच्याकडून अधिक काम व्हावे म्हणून. मग उत्पादन तसूभरही वाढणार नसेल, तर त्याचा मान राखायचा की नाही? हा प्रश्न नीतीचा आहे आणि मुलाखती घेऊन तो सुटणारा नाही.

त्याला भिडणारे लेखन त्याच 1943 साली लंडनमध्ये चालले होते. फ्रेंच तत्त्वज्ञ सिमोन वेल यांनी शिक्षिकेच्या नोकरीतून रजा घेऊन डिसेंबर 1934पासून काही महिने पॅरिस भागातल्या कारखान्यांत अंगमेहनत केली होती. मजुरी नगावर, वेग गाठण्याची धास्ती कायमची. एकदा बसमध्ये चढताना त्यांना नवल वाटले, की आपण गुलाम असून इतरांसारखे पैसे मोजून बसू कसे शकतो? कोणी खाली उतरवले असते तरी ते त्यांना स्वाभाविकच वाटले असते. मानाची गरज मारली गेली की माणूस मान मागायचेही सोडून देतो, हे या नोंदीतून दिसते. ज्याची मागणीच उरली नाही त्याची पाहणीत नोंद कशी व्हावी?

लंडनमध्ये लिहिलेल्या आणि मृत्यूनंतर 1949 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात वेल यांनी गरजेकडे दुसऱ्या टोकाकडून पाहिले. घरात धान्य भरलेले असताना दारातल्या उपाशी माणसाला खायला देणे हे कर्तव्य आहे. त्यातून काय मिळेल हे कोणी विचारत नाही. आत्म्याच्या गरजांनाही त्यांनी हाच न्याय लावला. म्हणून यंत्राची रचना करतानाच ते चालवणाऱ्याचा विचार व्हावा आणि कामावरून काढले जाण्याची भीती व पैशाची हाव यांवर काम रेटले जाऊ नये, अशी त्यांची मागणी होती.

वेल यांनी केलेल्या आत्म्याच्या गरजांच्या यादीत स्वातंत्र्य आणि समतेबरोबर आज्ञापालन, उच्चनीचक्रम व शिक्षाही आहेत. हे खटकते, जातीच्या उतरंडीने पोळलेल्या समाजात तर फारच. पण आज्ञापालनाला त्यांनी अट घातली आहे, की ते मुख्यतः संमतीतून आलेले असावे, शिक्षेच्या धाकाने किंवा बक्षिसाच्या लोभाने नव्हे. ही अट पाळायची तर मेमो आणि बोनस यांच्या जोरावर चालणाऱ्या बहुतेक कामाच्या जागा मुळापासून बदलाव्या लागतील.