टचिंगच्या टेबलावरून

सांगली,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. सई हिस,


परवा तुझ्या आईचा फोन येऊन गेला, आणि फोन ठेवल्यावर तुझी आजी पहिली बातमी मला सांगते हे तुला ठाऊकच आहे, तेव्हा आईवर रुसू नकोस. मृणालच्या लग्नात छान दिसायचं म्हणून तू रात्रीचं जेवण सोडलंस आणि मैत्रिणीनं सांगितलेलं कसलंसं गोरं करणारं मलम मागवलंस, असं कळलं. मी रागावून लिहीत नाही हो. सुट्टीत आलीस की न सांगता आजीचे पाय चेपायला बसतेस, शेजारच्या काकूंची औषधं आणून देतेस, अशा पोरीला मी कसलं शहाणपण शिकवणार? तू गुणाची आहेस, हे धरूनच चालतो. काळजी वाटते ती तुझ्या घाईची, आणि त्या घाईबद्दलच चार गोष्टी निवांत लिहाव्या म्हणून बसलो आहे. तूही हे पत्र निवांतच वाच, बसमध्ये उभ्या उभ्या नको.

तू मला घरातला आजोबा म्हणूनच पाहिलंस, पण तुझा बाबा शाळेत होता तेव्हा मी एका फोटो स्टुडिओत टचिंगचं काम करायचो. फोटो काढणारा वेगळा आणि टचिंग करणारा वेगळा. खिडकीशी एक उतरतं टेबल असायचं, त्यात दुधी काच बसवलेली, खाली आरसा लावून बाहेरचा उजेड वर घेतलेला, आणि काचेवर निगेटिव्ह. आधी निगेटिव्हवर बोटानं वार्निशाचा अगदी पातळ हात फिरवायचा, म्हणजे शिसं धरतं. मग पेन्सिलीचं टोक सँडपेपरवर फिरवत फिरवत सुईसारखं लांब करायचं. नवीन मुलं तिथंच कंटाळायची. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं बघ. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथं नितळ दिसतो, आणि त्या नितळ जागेत बारीक बारीक रेघांनी शिसं भरत गेलं की छापलेल्या फोटोत तो डाग उजळतो. जरा हात जड पडला की फोटोत पांढरा ठिपका आलाच. सकाळचा उजेड एकसारखा आणि शांत असतो, डोळ्यांना सोसतो, म्हणून पाचला उठून, आंघोळ-चहा आटोपून मी लवकर टेबलाशी बसायचो. ती सवय अजून टिकून आहे, आणि तुलाही ती लागावी असं मला फार वाटतं, कारण त्या वेळी माणसाला कुणी बघत नसतं आणि आपणही कुणाला दाखवायला काही करत नसतो.

त्या टेबलावर कुणाचे चेहरे यायचे? बहुतेक लग्नाच्या मुलींचे. स्थळाकडे पत्रिकेबरोबर फोटो पाठवायचा असे, आणि मुलीचे वडील किंवा मामा काउंटरवर हळू आवाजात सांगून जात की एवढं जरा बघा. सुरुवातीला ते "एवढं" म्हणजे देवीच्या रोगाचे व्रण. तुझ्या पिढीनं ते पाहिलेलेच नाहीत, देवाची कृपा आणि लस टोचत गावोगाव फिरलेल्या माणसांची मेहनत. गालांवर, नाकावर खड्डे असत, आणि एकेका चेहऱ्यावर माझा अर्धा दिवस जाई. मग 1975 च्या मे महिन्यात देशातला देवीचा शेवटचा रुग्ण नोंदला गेला, 1977 मध्ये देश देवीमुक्त झाल्याचं जाहीर झालं, आणि काही वर्षांत तरुण मुलींच्या चेहऱ्यांवरून ते व्रण दिसेनासे झाले. आता टचिंगचं काम निम्म्यावर येईल असं आम्हाला वाटलं होतं. उलट ते वाढलं. व्रण नव्हते, तर लोक रंगाकडे वळले. चेहरा स्वच्छ, नितळ, बघत राहावा असा, तरी काउंटरवर तोच हळू आवाज यायचा: जरा उजळ येऊ द्या.

त्याच 1975 साली फेअर अँड लव्हली हे मलम आपल्या देशात बाजारात आलं. त्या मलमानं गोरेपणाचं वेड आणलं असं मी म्हणणार नाही. गरोदर बाईला बाळ गोरं व्हावं म्हणून केशराचं दूध देण्याची रीत त्याच्या कितीतरी आधीची, आणि पाहण्याच्या कार्यक्रमात मुलीला उजेडाकडे तोंड करून बसवायची पद्धतही जुनीच. मलमानं एवढं केलं, की जे घरात कुजबुजत बोललं जायचं त्याला एक किंमत आणि एक मुदत लावली. जाहिरातीत सावळी मुलगी खिन्न असायची, थोड्या आठवड्यांनी गोरी व्हायची आणि तिला नोकरी मिळायची, नाहीतर नवरा. घाई शिरली ती अशी. 2020 मध्ये त्या मलमाच्या नावातून गोरेपणाचा शब्द गेला, आणि त्याच वर्षी लग्न जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळानं, शादी डॉट कॉमनं, कातडीच्या रंगावरून स्थळं निवडायची सोय काढून टाकली, लोकांनी मागणी केली म्हणून. मला त्याचा मनापासून आनंद झाला, कारण ती मागणी तरुण बायकांनी लावून धरली होती.

अंगकाठीचंही तसंच. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत किडकिडीत मुलीचा फोटो आला की गालांवरची सावली भरून काढा, असं सांगायचे. मुलगी वाळलेली दिसली तर खाऊन-पिऊन सुखी घरातली वाटत नाही, म्हणून. पुढं तेच लोक, त्याच गल्लीतले, मला हनुवटीखालचा भाग कापायला सांगू लागले. मुली तशाच होत्या गं. बदलली होती ती बघणाऱ्यांची नजर, आणि दोन्ही वेळी तीच नजर कायमची असल्यासारखे सगळे बोलत.

ही नजर किती झटपट बदलते, याची एक हकिगत मी वाचनालयात वाचली होती, ती तुला सांगायचीच आहे. पॅसिफिक महासागरातल्या फिजी बेटांवर अंगानं भरलेलं असणं चांगलं समजत. कुणी रोडावलं की घरचे, शेजारचे चिंतेत पडत, जेवायला बोलावत. तिथल्या नाद्रोगा प्रांतात 1995 मध्ये टीव्ही पोचला. अ‍ॅन बेकर नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी त्याच वर्षी आणि पुन्हा 1998 मध्ये शाळेतल्या मुलींना त्यांच्या खाण्यापिण्याबद्दल विचारलं. पहिल्या वेळी वजन उतरवण्यासाठी मुद्दाम ओकारी काढणारी एकही मुलगी सापडली नव्हती. तीन वर्षांनी तसं करणाऱ्या 100 पैकी 11 निघाल्या, आणि आपण फार जाड आहोत असं वाटणाऱ्या 74. विचार कर, सई. आई-आजी त्याच, अन्न तेच, शरीरं तशीच, आणि तीन वर्षांत पोरींना स्वतःचंच अंग नकोसं झालं. कुणी त्यांना वाईट बोललं होतं असंही नाही. त्या नुसत्या मालिका बघत होत्या.

आपल्याकडचं, रंगाचं सांगायचं तर कोल्हापूरची अंबाबाई काळ्या पाषाणाची, पंढरपूरचा विठोबा काळा, महाभारतातली द्रौपदी सावळी आणि तिच्या रूपाची कीर्ती सगळ्या देशात. मग घराघरांतल्या तसबिरींतल्या देवी गोऱ्या कशा झाल्या? त्याचं एक कारण छापखाना आहे. राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि तिथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या रंगीत तसबिरी पार खेड्यातल्या देव्हाऱ्यांपर्यंत पोचल्या. चित्रं सुंदरच आहेत, आपल्या माजघरातली लक्ष्मी त्याच घाटाची, आणि मी तिला रोज हात जोडतो. पण कोल्हापूरला गेलो की गाभाऱ्यासमोर जरा जास्त वेळ उभा राहतो, आणि तुलाही या खेपेला नेणार आहे.

आता जी गोष्ट सांगण्यासाठी खरं तर पत्र लिहायला घेतलं, ती. लग्नाच्या फोटोंखेरीज माझ्याकडे आणखी एक काम यायचं, वारलेल्या माणसांचं. घरात धड फोटो नसायचा, मग एखाद्या लग्नातल्या ग्रुप फोटोतून तेवढा चेहरा मोठा करून द्यायचा, हार घालून भिंतीवर लावायला. एक बाई नवऱ्याचा असा फोटो न्यायला आल्या होत्या. हाताच्या सवयीनं मी त्या गृहस्थांच्या भुवईवरची जुनी खोक पुसून चेहरा अगदी साफ केला होता. बाईंनी फोटो दोन्ही हातांत धरला, खिडकीशी नेला, बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "भाऊ, चांगला झालाय, पण हे आमचे नाहीत. ती खोक तेवढी परत घाला." मी पुन्हा नवी निगेटिव्ह करून खोक राखली. त्यानंतर लक्ष देऊन ऐकू लागलो, तर असं सांगणारे पुष्कळ निघाले. कुणी आईच्या ओठावरचा तीळ मागायचं, कुणी बापाचा पुढं आलेला दात, कुणी आजीच्या कपाळावरच्या आठ्या. निवडायला आलेल्या लोकांसाठी जे पुसायचं, तेच जपायला आलेली माणसं परत मागायची. एकाच टेबलावर, बाळा, कधी कधी एकाच दिवशी.

तुझं मला वाईट वाटतं ते यासाठी की आमच्या वेळी मुलीच्या चेहऱ्याला पेन्सिल लागायची ती आयुष्यात एकदा, लग्न ठरताना. बाकीचे दिवस ती आपल्याच चेहऱ्यानं हिंडायची. तुमच्या फोनचा कॅमेरा मात्र तू बटण दाबायच्या आधीच गाल गुळगुळीत करतो, रंग उजळतो, आणि असे टच केलेले चेहरे, स्वतःचे आणि मैत्रिणींचे, तू उठल्यापासून झोपेपर्यंत बघतेस. मग न्हाणीघरातल्या आरशातली मुलगी कमी वाटू लागते. फोनमधली ती सोय बंद करता येते म्हणे. पंधरा दिवस करून बघ. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटेल, मग डोळा बसतो.

आणि आता घाईबद्दल. शरीर आपल्या चालीनं चालतं. कातडीचा वरचा थर नवा व्हायलाच साधारण महिना लागतो. जे मलम आठवड्यात गोरं करतं, त्यात बहुधा स्टेरॉइड असतं, नाहीतर पारा. स्टेरॉइडनं कातडी पातळ होते, लाल पडते, पुटकुळ्या येतात, ऊन सोसत नाही, आणि मलम थांबवलं की चेहरा पेटल्यासारखा होतो, म्हणून ते सोडवतही नाही. पाऱ्यानं मूत्रपिंडांना इजा होते. अशी स्टेरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम सरकारनं 2018 मध्ये केला, तरी ती मैत्रिणीच्या मैत्रिणीकडून मिळतातच. डबीवर आत काय आहे ते छापलेलं नसेल तर ती उघडूही नकोस. उघडली असशील तर बंद करून तिथं पुण्यातल्या चांगल्या त्वचेच्या डॉक्टरांना दाखव. पैसे गेल्याची खंत करू नकोस, मी ते तुला पाठवतो. पुढच्या वेळी मात्र असे पैसे खर्चायच्या आधी एक महिना बाजूला ठेवून बघ. महिन्यानंतरही ती वस्तू हवीशी वाटली तर घे. मी आयुष्यभर असंच केलं, आणि बहुतेक वस्तू महिन्यात आपसूक विसरल्या.

उपाशी राहण्याचंही तसंच आहे. एकदम खाणं तोडलं तर केस लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी मूठ मूठ गळतात. म्हणजे तुझ्या हिशोबानं ऐन मृणालच्या लग्नात. शिवाय तुझ्या वयात हाडं अजून भरत असतात, आणि ते काम पुढं फारसं होत नाही. रात्री लवकर, साडेसात-आठला जेव. भाकरी, वरण, पालेभाजी, ताक, पोटभर. सकाळी लवकर उठून अर्धा तास चाल, वजनासाठी नको, मोकळं वाटावं म्हणून. आणि तुझ्या धाकट्या भावालाही सांग, व्यायामशाळेतल्या मास्तरनं दिलेली पावडर कुणाला विचारल्याशिवाय घेऊ नको म्हणावं. मुलं आपल्या दंडांची काळजी कुणाला सांगत नाहीत, पण त्यांनाही ती असतेच.

लग्नाच्या चार दिवस आधी तरी ये. आजीनं तुझ्यासाठी तिची डाळिंबी इरकल काढून ठेवली आहे, घड्या मोडून उन्हात धरली सुद्धा. ब्लाउज तिकडेच शिवून आण, पण माप आजच्या अंगाचं दे. बारीक होणारच आहे म्हणून दोन इंच कमी सांगू नकोस. आणि शिंप्याला म्हणावं, आत कापड सोड.

तुझा,
आजोबा