पाहुण्याचा फोटो, शेजाऱ्याचा फोटो

फोटोग्राफीच्या कार्यशाळांत हल्ली एक सल्ला हमखास दिला जातो. लडाखला, वाराणसीला किंवा पुष्करच्या जत्रेला जाणं जमत नसेल, तर कॅमेरा घेऊन आपल्याच गल्लीत उतरा. मात्र उतरताना आपण इथे राहतो हे विसरा आणि पहिल्यांदाच आलेल्या पर्यटकाच्या नजरेने पाहा. मग नेहमीचा जिना, नळाखालची बादली, इस्त्रीवाल्याची टपरी, सगळं नवं दिसू लागेल. या सल्ल्याचा पहिला अर्धा भाग पूर्णपणे खरा आहे. दुसरा अर्धा त्या पहिल्यावर पाणी फिरवतो.

जवळपासचे फोटो काढणं ही प्रवासाचे पैसे नसणाऱ्यांची तडजोड मुळीच नव्हे. या कलेची सुरुवातच घरातून झाली. निएप्सने 1826-27च्या सुमारास फ्रान्समधल्या आपल्या घराच्या वरच्या मजल्यावरून बाहेरची छपरं टिपली. कॅमेऱ्याने काढलेलं आज टिकून असलेलं सर्वांत जुनं छायाचित्र तेच. टॅल्बटने 1835मध्ये लेकॉक अ‍ॅबी या राहत्या वास्तूची खिडकी टिपली. पुढे दागेरने पॅरिसचा रस्ता टिपला, तोही खिडकीतूनच. हा इतिहास सर्वांना माहीत आहे, त्यात जास्त रेंगाळायला नको. महागडा कॅमेरा असला की विषय आपोआप सापडतात असं मानणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. फोनमुळे ही कला संपली असं म्हणणाऱ्यांशीही नाही. वाद घालायचा तो या पर्यटकी नजरेशी, कारण तिच्यामागे खरोखरच एक विचार आहे आणि तो वजनदार आहे.

त्या विचाराचं मूळ रशियात सापडतं. व्हिक्टर श्क्लोव्स्की या समीक्षकाने 1917च्या निबंधात मांडलं, की सवय वस्तूंना गिळून टाकते आणि ओळखीची गोष्ट अनोळखी करून दाखवणं हे कलेचं काम आहे. अलेक्सांद्र रॉडचेन्कोने कॅमेऱ्याने नेमकं तेच केलं. मॉस्कोत म्यास्नित्स्काया रस्त्यावर तो राहत असे. 1925मध्ये त्याने आपण राहत असलेल्या इमारतीच्या बाल्कन्या अगदी खालून, मान मागे टाकून टिपल्या. बाल्कन्यांची आकाशात चढत जाणारी शिडीच झाली. पोटाशी कॅमेरा धरून बेंबीच्या उंचीवरून जग टिपायची सवय मोडा, असा त्याचा आग्रह होता. आज कार्यशाळेत ‘खाली वाका, वर चढा, डबक्यातलं प्रतिबिंब पकडा’ असं सांगणारा शिक्षक कळत-नकळत रॉडचेन्कोचाच वारसा चालवत असतो.

रॉडचेन्कोला त्या कोनाची गरज होती. साम्राज्य कोसळलं होतं, नवा समाज उभा राहत होता, आणि त्याला नवी दृष्टी हवी असं त्याला मनापासून वाटत होतं. शंभर वर्षांनी तो कोन कवायत झाला आहे. ड्रोन आल्यावर तर वरून पाहण्यात काही शोधही उरला नाही. आणि खुद्द रॉडचेन्कोचं मनात घर करून राहणारं चित्र कोणतं? 1924मध्ये त्याने काढलेला आईचा फोटो. डोक्याला रुमाल बांधलेली म्हातारी चष्म्याची एकच काच डोळ्याला लावून वाचते आहे, कपाळाला आठ्या पडल्या आहेत. या फोटोत त्याने आईला अनोळखी केलेलं नाही. चष्म्याची एक काच डोळ्याशी धरण्याची तिची लकब इतक्या जवळून पाहायला मुलगाच हवा.

पण नव्या नजरेच्या पुरस्कर्त्यांची खरी चूक कोनात नाही, त्यांच्या गृहीतकात आहे. सवयीमुळे माणूस आंधळा होतो असं ते धरून चालतात. प्रत्यक्षात सवयीमुळेच त्याला बदल कळतो. सकाळी अकरा वाजता एका दाराच्या कडीला दुधाची पिशवी अजून लटकते आहे. पर्यटकाला त्यात जुनं लाकूड, पितळेची कडी, पांढऱ्या पिशवीवर पडलेलं ऊन दिसेल आणि तो सुंदर फोटो काढेल. शेजाऱ्याला मात्र ही पिशवी रोज साडेसहाला आत जाते हे माहीत असतं. तो आधी दार वाजवतो. जे नेहमी असतं ते आज नाही, हे फक्त रोज पाहणाऱ्यालाच दिसतं. गैरहजेरी पाहण्याची ताकद कोणत्याही नव्या नजरेत नसते, आणि माणसांच्या वस्तीतलं निम्मं नाट्य तर या गैरहजेरीचंच असतं. ओसरीवरची आरामखुर्ची रिकामी आहे, दारापुढे रांगोळी नाही, टपरीची फळी उघडलेली नाही. हे ज्याला दिसतं त्याला ‘आपण इथे राहतो हे विसरा’ असं सांगणं म्हणजे त्याच्या हातातलं एकमेव भांडवल काढून घेणं आहे.

पुण्याच्या पेठांत याचा परिणाम उघड दिसतो. वाड्याचं गंजलेलं कुलूप, पोपडे सुटलेली भिंत, खिडकीच्या गजांतून पाहणारा सुरकुतलेला चेहरा: ही चित्रं आता इतकी झाली आहेत, की कोणती कुठल्या वाड्यातली हे काढणाऱ्यालाही सांगता येऊ नये. ते कुलूप कोणी लावलं, भाडेकरू आणि मालक यांचा दावा किती वर्षं चालला आहे, आतली माणसं कुठे गेली, यातलं काहीच चित्रात शिरत नाही. फोटोग्राफर त्याच पेठेत जन्मलेला असतो आणि तरीही फोटो परगावच्या माणसाने काढल्यासारखा येतो.

उजेडाचंही तसंच. पूर्व-पश्चिम गल्लीतल्या, उत्तरेकडे तोंड असलेल्या भिंतीवर भर दुपारचं ऊन बहुतेक वर्षभर पडत नाही. मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो आणि त्यानंतर जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, जास्तीत जास्त पाच अंश. म्हणजे वर छज्जा नसेल तर दुपारी बाराच्या सुमारास ऊन त्या भिंतीला घासत खाली उतरतं. बोटाच्या पेराएवढ्या खिळ्याची हातभर सावली पडते. गिलाव्यावरचा थापीचा प्रत्येक फटकारा, चुन्याचा एकेक थर, कधीकाळी बुजवलेल्या खिडकीची चौकट, सगळं वर येतं. जूनमध्ये ढग आले की हे संपतं. हाताशी येतात ते जेमतेम तीन आठवडे. ‘दुपारच्या उन्हात फोटो काढू नका’ हा नियम ज्याने पाठ केला आहे, तो नेमका त्या वेळी घरात बसतो. ही भिंत पाहायला नवी नजर उपयोगाची नाही. गेल्या वर्षी काय दिसलं होतं ते आठवावं लागतं.

प्रागचा योसेफ सुदेक हा अशा आठवणीवर जगलेला फोटोग्राफर. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. नाझींनी शहर व्यापलेलं असताना, 1940मध्ये त्याने आपल्या छोट्या स्टुडिओच्या खिडकीचे फोटो काढायला सुरुवात केली आणि 1954पर्यंत तो ते काढत राहिला. बाहेर परसात एक वाकडं झाड. काचेवर कधी दव, कधी बर्फ, कधी पाण्याचे ओघळ. चौदा वर्षं तीच काच आणि तेच झाड! हे फोटो ओळीने पाहताना कोन शोधावेसे वाटत नाहीत. आज त्या काचेला काय झालं आहे एवढंच पाहावंसं वाटतं.

न्यूयॉर्कच्या सॉल लायटरचं नाव इथे दुसऱ्या बाजूने पुढे केलं जाईल, आणि ते रास्तच आहे. धुकट काचांमागच्या लाल छत्र्या, बर्फातले अर्धवट आकार: त्याचं शहर खरोखर अनोळखी, जवळजवळ अमूर्त दिसतं. त्याच्या रंगांपुढे कोणीही हरखून जावं. पण हा माणूस पन्नासहून अधिक वर्षं ईस्ट व्हिलेजमधल्या एकाच रस्त्यावर राहिला आणि त्याचं बरंचसं काम घरापासून चालत जाण्याच्या टप्प्यातलं आहे. चित्रं अनोळखी दिसतात, म्हणून नजरही पाहुण्याची होती असं मानायचं कारण नाही. ईस्ट व्हिलेजमध्ये दुपारभर हिंडून गेलेल्या कोणाला ती चित्रं मिळाली असती, असं वाटत नाही.

तेव्हा फरक करायचा तो जवळ आणि दूर असा नाही, जुनं आणि नवं असाही नाही. तो पाहुणा आणि शेजारी यांच्यातला आहे. शेजारी म्हणजे जवळच्या पत्त्यावरचा माणूस एवढाच अर्थ इथे पुरत नाही. फोटो काढल्यावर ज्याला उद्या त्याच माणसासमोर उभं राहायचं आहे, तो शेजारी. ज्याला नाही, तो पाहुणा, मग तो त्याच इमारतीत जन्मलेला का असेना.

मिल्टन रोगोव्हिन हे या फरकाचं सर्वांत स्वच्छ उदाहरण. अमेरिकेतल्या बफेलो शहरात तो डोळे तपासून चष्मे देत असे. 1957मध्ये कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी काँग्रेसच्या समितीने त्याला बोलावलं, त्याने साक्ष द्यायला नकार दिला, वर्तमानपत्राने त्याला शहरातला बडा ‘लाल’ ठरवलं आणि गिऱ्हाईक आटलं. मग तो फोटोग्राफीकडे वळला. 1972पासून त्याने आपल्या व्यवसायाच्या जागेजवळच्या लोअर वेस्ट साइड या गरीब वस्तीतल्या माणसांचे फोटो काढायला घेतले. सारा मुलूख सहा चौकांचा. त्याचं घर त्या वस्तीत नव्हतं, सुरुवातीला लोकांचा विश्वासही नव्हता. तो फोटो काढायचा आणि पुढच्या खेपेला त्याची प्रत घेऊन जायचा. कसं उभं राहायचं, कोणाला बरोबर घ्यायचं, हे लोक ठरवायचे. 1984च्या सुमारास तो पुन्हा गेला, तीच माणसं शोधली, तिथेच उभं केलं. 1990च्या दशकात पुन्हा. आणि 2000नंतर चौथ्यांदा, तेव्हा त्याने नव्वदी ओलांडली होती. पहिल्या फोटोतलं कडेवरचं मूल शेवटच्या फोटोत स्वतः बाप झालेलं असतं. कोणी दिसेनासं होतं. यातला एकही कोन चमकदार नाही. माणसं समोर उभी आहेत आणि कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. तरीही चार फोटो शेजारी ठेवले की जे कळतं ते एकट्या फोटोत मावणारं नाही.

शेजाऱ्याच्या नजरेलाही मर्यादा असतात, हे मान्य केलंच पाहिजे. ती हळवी होते, आपल्या गल्लीचे गोडवे गाते, भांडणं झाकते. आणि आपल्याकडे ‘आपला परिसर’ कुठे संपतो हे अंतराने ठरत नाही. गावात पाच मिनिटांवर असलेली वस्ती जातीमुळे ‘आपली’ राहत नाही आणि तिथे कॅमेरा घेऊन गेलेला गावकरी तिथे पाहुणाच असतो. शहरात हे जास्त चतुराईने लपतं. मुंबईची प्रत्येक गल्ली झाडणारा सफाई कामगार रोज पहाटे दारात येतो, पण गल्लीच्या देखण्या फोटोंत तो सहसा नसतो. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचं जगणं टिपलं, गटारात उतरलेली माणसं टिपली, त्यांच्या घरांपर्यंत ते गेले. तेव्हा अनेक मुंबईकरांना आपल्या रोजच्या रस्त्यावरचा एक माणूस पहिल्यांदा दिसला. इथे नव्या नजरेचे पुरस्कर्ते म्हणतील, की सवय मोडल्याचाच हा पुरावा. नाही. ओलवे यांनी वस्तू अनोळखी केली नाही. जी ओळख द्यायचं समाजाने नाकारलं होतं, ती दिली. दोन्ही क्रिया उलट दिशेच्या आहेत.

मुंबईत आज हा फरक तातडीचा झाला आहे. वरळी, नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळी एकामागून एक रिकाम्या होत आहेत. शंभर वर्षांपूर्वी बांधलेल्या 160 चौरस फुटांच्या खोल्यांतली कुटुंबं 500 चौरस फुटांच्या घरांत जात आहेत, आणि हे चांगलंच आहे. गॅलरीच्या ओढीने कोणी कुणाला सार्वजनिक संडासाच्या रांगेत उभं ठेवू नये. पण पाडकामाआधीच्या महिन्यांत तिथे बाहेरून येणारे कॅमेरे पुष्कळ असतील आणि त्यांना जिना, कठडे, वाळत घातलेले कपडे मिळतील. तिथे राहणाऱ्यांच्या हातांतही आज फोन आहे. त्यांनी गॅलरीतल्या प्रत्येक दारासमोर त्या दारातली माणसं उभी करून एकेक साधा फोटो काढावा. मागे नावं आणि खोली क्रमांक लिहावा. नव्या इमारतीत वर्षभराने, त्याच माणसांना त्यांच्या नव्या दारासमोर उभं करून दुसरा काढावा, आणि दोन्हींच्या छापील प्रती त्यांच्या हातात द्याव्यात.