कवि गोविंदांचें मरण

कोणाच्या घरीं मृत्यु झाला, कीं सांत्वनपर पत्रांत अथवा शोकसभेंत कवि गोविंदांच्या ‘सुंदर मी होणार’ या कवितेची आठवण निघते. मरणानें मनुष्य संपत नाहीं, उलट सुंदर होतो. मग शोक कशाला, असा तिचा अर्थ लावून आपण मोकळे होतों. हा अर्थ खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु तो इतका सोपा आहे, कीं ती कविता ज्यानें लिहिली तो मनुष्यच त्यांतून निसटून जातो.

गोविंद त्र्यंबक दरेकर यांचा जन्म १८७४ सालीं नाशिकास झाला. बालपणीं आलेल्या तापानें त्यांचे पाय गेले, ते कायमचे. पुढें सावरकर बंधूंच्या सहवासांत त्यांनीं स्वातंत्र्याचीं गीतें रचलीं. युद्धावांचून स्वातंत्र्य मिळत नाहीं, असें त्यांनीं देशाला बजावलें. हीं गीतें छापल्याच्या आरोपावरून १९०९ सालीं बाबाराव सावरकरांस जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. इतरांस रणास बोलावणाऱ्या कवीला स्वतःला एक पाऊल टाकणें शक्य नव्हतें. १९२६ सालीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, ते निवर्तले. देश स्वतंत्र व्हावयास अजून एकवीस वर्षें होतीं.

हें ध्यानांत ठेवून ती कविता वाचली, म्हणजे एक गोष्ट चटकन नजरेस येते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत देहाला जीर्ण वस्त्राची उपमा आहे. गोविंदांच्या कवितेंत वस्त्र नाहीं, पिसारा आहे. जुना झडतो आणि नवे पंख फुटतात. हा फरक केवळ अलंकाराचा नव्हे. वस्त्र अंगाबाहेरचें असतें. तें टाकतांना अंगाला कांहींच होत नाहीं. पिसें मात्र स्वतःच्याच कातडीतून उगवलेलीं असतात. देह म्हणजे मी नव्हेच, असें म्हणणाऱ्या वेदान्त्याला वस्त्र पुरतें. ज्यानें पन्नास वर्षें देहाची अडचण क्षणोक्षणीं सोसली, त्याला तें कसें पुरावें?

शिवाय, या कवीला देहापासून सुटका नकोच आहे. त्याला नवा देह हवा आहे! आपल्या परंपरेंत पुनर्जन्म हें बंधन आणि मोक्ष ही मुक्ति. तुकोबांनींही मुक्ति नाकारून गर्भवास पत्करला, परंतु तो संतसंगासाठीं. गोविंद मागतात ती शक्ति, उडण्याची मोकळीक. ज्याला बंधन म्हणावयाचें, त्यालाच ते स्वातंत्र्य म्हणतात. आमच्या मतें स्वातंत्र्यगीतें लिहिणारा आणि मरणगीत लिहिणारा असे दोन गोविंद नाहींत. दोन्ही ठिकाणीं मागणी एकच आहे.

येथें एक आक्षेप आम्हांस गंभीर वाटतो. सुंदर व्हावयाचें तें मेल्यावर, असें म्हटलें कीं पंगु देह हा असुंदर ठरतो. आणि अशा देहानें जगणाऱ्या वाचकाला हें सांत्वन नसून अपमान वाटण्याचा संभव आहे. एवढेंच नव्हे, तर सुधारावयाचें तें पुढच्या जन्मावर ढकलून आपण या जन्मांत हातपाय गाळून बसावें, असाही कोणी त्याचा उपयोग करील. याला आमच्यापाशीं पुरतें उत्तर नाहीं. एवढेंच सांगतों, कीं कवि हें स्वतःविषयीं बोलत आहे, दुसऱ्याविषयीं नव्हे. स्वतःच्या वेदनेला नांव ठेवण्याचा अधिकार वेदना भोगणाऱ्याला असतो. तें वाक्य उचलून दुसऱ्याच्या अंथरुणाशीं म्हणण्याचा अधिकार आम्हांस आहे काय, हा प्रश्न वेगळा.

पु. ल. देशपांडे यांनीं हाच मथळा आपल्या नाटकास दिला, तेव्हां बहुधा हा आक्षेप त्यांच्याही मनांत असावा. त्यांची नायिका दीदीराजे हीही पायांनीं पंगु. परंतु पित्याच्या जाचक छत्रांतून बाहेर पडून ती याच जन्मीं उभी राहते. सौंदर्य मरणाच्या अलीकडे आणलें, हें नाटककारानें फार चांगलें केलें. तरीही नाटक वाचून मिटल्यावर आमचें मन मूळ कवितेकडेच वळतें. दीदीराजेंना चालतां आलें. गोविंदांना अखेरपर्यंत चालतां आलें नाहीं, आणि पंखांविषयीं त्यांनीं लिहिलें तें त्याच जागीं बसून.