नाल काढल्यानंतरचे दुखणे

टोकियो ऑलिंपिकमध्ये स्वीडनने अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या स्पर्धेत सांघिक सुवर्ण जिंकले, तेव्हा त्यांच्या तीन घोड्यांपैकी दोघांच्या पायांत नाल नव्हती. पेडर फ्रेड्रिक्सनच्या ‘ऑल इन’ने त्याआधी वैयक्तिक रौप्यही मिळवले होते. ही २०२१ सालची गोष्ट. तेव्हापासून अश्वप्रेमींच्या गप्पांत एक वाक्य हटकून येते: निसर्गाने घोड्याला नाल दिली नाही, मग ती ठोकणारे आपण कोण? वाक्य टाळ्या घेते. अडचण एवढीच की ते नाल काढण्याच्या दिवसापाशी थांबते. पुढचे वर्षभर घोडा कसा चालतो, कशावर चालतो आणि तोवर त्याच्या दाणावैरणीचे पैसे कुठून येतात, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

नालेशिवाय घोडा डांबरावर टिकूच शकत नाही, असे ठामपणे सांगणाऱ्यांनी अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराचे पोलीस घोडे पाहावेत. ते नालेविनाच गस्त घालतात. काळ्या घोड्याची नाल उंबऱ्याला ठोकणाऱ्यांशी तर माझा वादच नाही. प्राचीन अश्ववैद्य शालिहोत्रापासून पेशव्यांच्या पागेपर्यंतचा इतिहासही इथे उगाळत नाही. झेनोफन मात्र टाळता येत नाही. इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातल्या या ग्रीक सेनानीला खिळ्यांनी ठोकलेली नाल माहीत नव्हती. तरी तो सांगतो की तबेल्याबाहेर चार-पाच गाड्या गोल दगड ओतावेत, ते विखरू नयेत म्हणून कडेने लोखंडी पट्टी लावावी आणि खरारा करताना घोड्याला त्यांवर उभे करावे. सगळेच घोडे अनवाणी होते त्या काळीसुद्धा खूर मुद्दाम घडवावा लागत होता, आणि त्यासाठी गाडीभर दगड वाहून आणण्याचे कष्ट मालकाचे होते. निसर्गाची साक्ष काढणारे हा तपशील सोयीने गाळतात.

नाल नेमके काय करते? खुराची बाहेरची भिंत महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढते. मोकळ्या पायाने चालणाऱ्या घोड्याची ही वाढ जमिनीवर घासून जाते. नाल बसली की घासणे थांबते, वाढ थांबत नाही. म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद येतो. मदतनीस पाय उचलून धरतो, नालबंद खिळ्यांची वळवलेली टोके कानशीने घासतो, पकड टाचेकडून घालून नाल उचकटतो, वाढलेला खूर तासतो आणि पुन्हा लोखंड ठोकतो. मधल्या काळात सगळा भार भिंतीवर असतो. तळवा आणि मागची त्रिकोणी, रबरासारखी पुतळी जमिनीपासून उचललेलीच राहते. काम नसलेला तळवा पातळ राहतो, टाचेतली गादी पोसली जात नाही. इथवर नालविरोधकांचे म्हणणे मला बिनशर्त मान्य आहे.

पण त्यांच्यातल्या एका पंथाचा एक सिद्धांत मला अजिबात मान्य नाही, आणि तोच सध्या सर्वांत जोरात आहे. हा पंथ म्हणतो की नाल काढल्यावर घोडा लंगडला तर घाबरू नये. इतकी वर्षे बधिर असलेला पाय जागा होतो आहे, रक्त पुन्हा खेळू लागले आहे, दुखणे हीच बरे होण्याची खूण आहे.

या सिद्धांताची गंमत अशी की तो कधी हरतच नाही. घोडा नीट चालला तर पद्धत बरोबर, लंगडला तर पद्धत काम करते आहे! जे म्हणणे कोणत्याही निकालाने खोटे ठरू शकत नाही, त्याला उपचार म्हणत नाहीत, श्रद्धा म्हणतात. श्रद्धेलाही माझी हरकत नाही, फक्त तिचे उपवास भक्ताने करावेत, घोड्याने नव्हे.

शरीररचना काय सांगते तेही पाहू. निरोगी खुराचा तळवा सुमारे पंधरा मिलिमीटर जाड असतो. नालेत वर्षे काढलेल्या कित्येक घोड्यांचा तो दहाच्याही खाली असतो. एक्स-रेमध्ये ते स्वच्छ दिसते. अशा तळव्याने खडीवर चालवले की आत मुका मार बसतो, कधी पू धरतो. त्यात जागे होण्यासारखे काही नाही. टाचेकडचा भाग लवकर बदलतो, पण पुढच्या बाजूने वरच्या कडेपासून खालपर्यंत नवी भिंत उतरायला नऊ ते बारा महिने जातात. पायाचे प्लास्टर कापल्याच्या संध्याकाळी कुणी पेशंटला सिंहगडावर धाडत नाही.

याहून गंभीर बाब खाण्याची आहे. गोड, कोवळे गवत, भरमसाट दाणा, वर प्रेमाने चारलेला गूळ यांनी खुराच्या आत भिंत आणि हाड यांना जोडणाऱ्या पापुद्र्यांना सूज येते. सूज सौम्य असेल तर नाल ती झाकून ठेवते. नाल निघाली की घोडा अवघडतो आणि मालक समजतो, पाय जागा झाला. त्या समजुतीत आठवडे जातात, तोवर आतले हाड जागचे हलू शकते. मग परत फिरायला वाट नसते.

आणि रानटी घोड्यांचे उदाहरण? ऑस्ट्रेलियात ब्रायन हॅम्पसन आणि ख्रिस पॉलिट यांनी माणसाच्या हाताबाहेर जगणाऱ्या ब्रम्बी घोड्यांचे खूर वर्षानुवर्षे तपासले. वाळूत राहणाऱ्यांचे खूर लांब आणि फाकलेले निघाले, खडकाळ प्रदेशातल्यांचे आखूड. न्यूझीलंडच्या कैमानावा घोड्यांत तर त्यांना खुरांचे दोष मोठ्या प्रमाणावर आढळले. निसर्ग खूर दुरुस्त करत नाही. जमीन जशी, तसा तो घासतो. बाकीचे काम लांडगे आणि दुष्काळ करतात.

म्हणून माझ्या मते सगळा प्रश्न एका भेदावर येऊन टेकतो: पायाला जमीन कळणे वेगळे आणि जमीन सोसणे वेगळे. पहिल्यात घोडा खडी आली की वेग कमी करतो, मान खाली घालून पाहतो, कडेचे गवत धरतो, पण पाऊल टाकताना टाच आधी टेकते आणि ढांग तेवढीच राहते. दुसऱ्यात ढांग आखूड होते, खुराचे टोक आधी टेकते, उभा असताना तो भार मागच्या पायांवर ढकलतो. घोट्याच्या मागे बोट ठेवले तर नाडी ठणकताना लागते, खूर गरम असतो. यातला पहिला घोडा अनवाणी झाला आहे. दुसऱ्याची फक्त नाल काढली आहे. त्याला त्याच दिवशी मऊ जमीन, खुरांचे बूट किंवा पुन्हा नाल द्यायला हवी, आणि असे केल्याने कोणाच्या तत्त्वाचा पराभव होत नाही.

हे सगळे माथेरानला लावून पाहिले की वादाचा उथळपणा उघडा पडतो. जांभ्या मातीच्या रस्त्यांवर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवरून घोडे घसरतात ही अश्वपालांची तक्रार. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गुळगुळीत फरशीवर लोखंडापेक्षा मोकळा खूर चांगली पकड घेतो हे खरे. त्यामुळे ‘नालाच काढा की’ हा सल्ला मुंबईहून येणारच. पण दस्तुरी नाक्यावर रोज पर्यटक घेणाऱ्या घोड्याला पहिले काही महिने कामावरून उतरवावे लागेल. गर्दी ओसरते ती पावसाळ्यात, आणि नेमक्या त्याच महिन्यांत ओलीने तळवा मऊ पडतो. म्हणजे सवड असते तेव्हा खूर तयार नसतो, आणि खूर टणक असतो तेव्हा हंगाम असतो. ज्याची चूल त्या फेऱ्यांवर पेटते, त्याला निसर्गाचा धडा शिकवण्याआधी त्या महिन्यांच्या फेऱ्यांची भरपाई कोण देणार ते कागदावर लिहून द्यावे.

तोवर एक मधला मार्ग जुने नालबंदही जाणतात. घोड्याच्या वजनातला साठेक टक्के भार पुढच्या पायांवर असतो, म्हणून सुरुवात मागच्या पायांपासून करायची. पुढची नाल तशीच, मागचे खूर कडेने गोल घासून मोकळे, तळव्याला कानस लावायची नाही, गूळ बंद. शुद्धतावाद्यांना हे अर्धवट वाटेल, वाटू द्यावे. मागचे दोन पाय वर्षभर धड चालले, तर पुढच्या पायांचे तेव्हा बोलू.